पाळीचे चक्र आणि वेदनाशामके : प्रश्न कुठवर आला आहे?

भंडारा जिल्ह्यात जुलै-ऑगस्ट म्हणजे धानाच्या रोवणीचे दिवस. साकोलीकडे जा, लाखांदूरकडे जा की मोहाडी-तुमसरकडे, बांध्यांमध्ये चिखलात उतरून कंबरेतून वाकलेल्या बाया दिसतात. हंगामाची मजुरी बुडवणे परवडत नाही. त्यामुळे पाळी आली आणि ओटीपोटात कळा सुरू झाल्या, तरी गोळी घ्यायची आणि बांधीत उतरायचे, हेच घराघरांत चालते. ही गोळी बहुधा गावातल्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आलेली असते. एक तक्रार मात्र बाया वारंवार सांगतात. डोके दुखले तेव्हा याच गोळीने लगेच उतार पडला होता, पाळीत मात्र दोन घेतल्या तरी फरक नाही.

हा भास आहे, की शरीर महिन्याच्या वेगवेगळ्या दिवशी औषधाशी वेगवेगळे वागते? गेली चाळीस-पन्नास वर्षे संशोधक यावर काम करत आहेत आणि त्यांच्यात एकमत नाही. गोंधळाचे एक कारण असे की इथे तीन प्रश्न एकात मिसळलेले आहेत. शरीर औषध शोषून, मोडून बाहेर टाकते त्या कामात पाळीच्या चक्राने फरक पडतो का, हा पहिला. वेदनाच चक्रानुसार कमी-जास्त होते का, हा दुसरा. आणि रक्तात औषध तेवढेच असले तरी मज्जासंस्था त्याला वेगळा प्रतिसाद देते का, हा तिसरा. तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत.

स्त्रियांना बाजूला ठेवून झालेल्या चाचण्या

थॅलिडोमाइड या औषधामुळे बाळांत जन्मतः व्यंगे आल्याच्या शोकांतिकेनंतर गर्भाला इजा होण्याची भीती औषधशास्त्रात खोल रुजली. १९७७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, मूल होऊ शकेल अशा वयातील स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना दिली. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की कोणते औषध किती द्यायचे, हे ठरवण्याची पहिली मोजमापे प्रामुख्याने पुरुषांच्या शरीरावर झाली. स्त्रियांचे चक्र आकडेवारीत गोंधळ घालते, असेही कारण दिले जाई. म्हणजे ज्या गोष्टीचा अभ्यास व्हायला हवा होता, तीच अभ्यास टाळण्याचे निमित्त ठरली.

१९९३ मध्ये एफडीएने ही सूचना मागे घेतली. पण जुन्या औषधांचे डोस पूर्वीच ठरून गेले होते. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा स्त्रियांसाठीचा डोस निम्मा करायला, म्हणजे दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आणायला, २०१३ साल उजाडले. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडत होते आणि सकाळी गाडी चालवतानाही अंमल उरत होता. २०२० साली झकर आणि प्रेंडरगास्ट या संशोधकांनी ८६ औषधांची माहिती एकत्र करून पाहिली. त्यांपैकी बहुतेक औषधे तेवढ्याच डोसला स्त्रियांच्या रक्तात जास्त प्रमाणात आढळत होती आणि दुष्परिणामही स्त्रियांमध्ये अधिक होते.

आपल्याकडे दुर्लक्षाची कारणे निराळी होती, पण पोकळी तशीच. भंडाऱ्याला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात राणी आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक संसर्गाचा काही ना काही आजार होता आणि पूर्वी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्यांचे प्रमाण आठ टक्केही नव्हते. वेदनाशामकांचा तो अभ्यास नव्हता. पण ‘बाईच्या जातीला दुखणारच’ म्हणून सोडून दिलेल्या दुखण्यामागे उपचार होऊ शकणारा आजार असतो, हे झाडीपट्टीने जगाला दाखवले. पाळीच्या दुखण्याबद्दल बोलताना तो धडा आजही लागू आहे.

गोळी पोटात गेल्यानंतर

गोळीचा प्रवास चार टप्प्यांचा असतो : आतड्यातून शोषण, शरीरभर वाटप, यकृतात मोडतोड आणि मूत्रपिंडातून विसर्जन. पाळीच्या चक्रात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन संप्रेरके मोठ्या प्रमाणात वर-खाली होतात. पाळीच्या दिवसांत दोन्ही तळाला असतात. बीज सुटण्याआधी इस्ट्रोजेन कित्येक पटींनी चढते आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात प्रोजेस्टेरॉनचा वरचष्मा असतो. या चढउतारांचा परिणाम चारही टप्प्यांवर व्हावा, ही अपेक्षा तर्कशुद्ध आहे. मोजमापांतून काय दिसले?

पोट रिकामे होण्याच्या वेगाबाबत निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. मूत्रपिंडाची गाळण्याची गती चक्राच्या उत्तरार्धात वाढते, हे मात्र बऱ्यापैकी प्रस्थापित आहे. काही मोजमापांत ही वाढ वीस टक्क्यांपर्यंत भरली. पण आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड या गोळ्यांची मोडतोड मुख्यतः यकृतात होते. त्यामुळे मूत्रपिंडाच्या या वाढीचा त्यांच्यावर फारसा परिणाम होऊ नये. यकृतात त्यांना मोडणारे प्रमुख एन्झाइम म्हणजे सीवायपी-२सी९. त्याच्या कामात महिन्याच्या दिवसांपेक्षा माणसामाणसांतील जनुकीय फरक जास्त मोठा ठरतो, इतका की २०२० पासून या गटातल्या काही औषधांसाठी जनुकांनुसार डोस सुचवणारी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकाही उपलब्ध आहे.

पॅरासिटामॉलचे उदाहरण अधिक बोलके आहे. ही गोळी मुख्यतः ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडली जाऊन शरीराबाहेर पडते. १९८३ मध्ये मायनर्स आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात तीन गटांची तुलना केली. पुरुषांच्या शरीरातून पॅरासिटामॉल बाहेर पडण्याचा वेग गर्भनिरोधक गोळ्या न घेणाऱ्या स्त्रियांपेक्षा २२ टक्क्यांनी जास्त होता. आणि गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांचा वेग न घेणाऱ्या स्त्रियांपेक्षा ४९ टक्क्यांनी जास्त. म्हणजे बाहेरून दिलेल्या संप्रेरकांनी हे यंत्र जोरात चालते. गरोदरपणातही पॅरासिटामॉल लवकर बाहेर पडते. अपस्मारावरील लॅमोट्रिजिन हे औषधही याच मार्गाने जाते आणि इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांसोबत त्याची रक्तातील पातळी निम्म्यावर येऊ शकते. संप्रेरकांनी फरक पडतच नाही, असे म्हणणाऱ्यांना हे ठोस उत्तर आहे.

आरोग्य केंद्रातून मोफत मिळणारी माला-एन ही इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांची अशीच संयुक्त गोळी आहे. म्हणून माला-एन घेणाऱ्या बाईने पॅरासिटामॉल जास्त घ्यावी, असा अर्थ मुळीच काढू नये. अंमल थोडा लवकर ओसरू शकतो, एवढेच यातून निघते.

तीन भूमिका

पहिली भूमिका सांगते की चक्र महत्त्वाचे आहे आणि औषधशास्त्राने ते गृहीत धरायला हवे. या बाजूचा युक्तिवाद असा की काही औषधांत फरक नोंदलेला आहे, उदाहरणार्थ कॅफिन चक्राच्या उत्तरार्धाच्या शेवटी शरीरातून सावकाश उतरते. इतर औषधांत फरक दिसला नाही, याचे कारण पुरेसे शोधलेच गेले नाही. कॅफिन अनेक डोकेदुखीच्या गोळ्यांत मिसळलेले असते, म्हणून हे उदाहरण अगदी परके नाही.

दुसरी भूमिका सावध आहे. कशुबा आणि नाफझिगर यांनी १९९८ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा धांडोळा घेतला. बहुतेक औषधांच्या बाबतीत चक्रामुळे पडणारा फरक लहान आहे आणि उपचार बदलावा इतका नाही, असाच त्यातून कल निघाला. या बाजूचा तर्क प्रमाणाचा आहे. गरोदरपणात संप्रेरके कितीतरी पटींनी जास्त असतात आणि महिनोन्‌महिने तशीच राहतात, गर्भनिरोधक गोळीतील संप्रेरके कृत्रिम आणि रोजची असतात. नैसर्गिक चक्रातली पातळी मात्र काही दिवसांतच बदलते. यकृतातल्या एन्झाइमांची घडण बदलायला तेवढा अवधी पुरत नसावा.

तिसरी भूमिका म्हणते की आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो आहोत. फरक यकृतात नाही, मेंदूत आणि मज्जारज्जूत आहे. १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गिअर आणि लेव्हिन यांच्या गटाने अक्कलदाढ काढल्यानंतरच्या वेदनेवर नॅल्बुफिन आणि ब्युटॉर्फॅनॉल ही औषधे वापरून पाहिली. स्त्रियांना त्यांचा उपयोग पुरुषांपेक्षा ठळकपणे जास्त झाला. ही औषधे मेंदूतील ‘काप्पा’ नावाच्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) काम करतात. आपल्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे टोचले जाणारे पेंटाझोसिन, म्हणजे फोर्टविनची सुई, याच कुळातले. २००६ मध्ये स्मिथ, झुबिएता आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या पेट स्कॅनमधून दाखवले की इस्ट्रोजेन वाढलेले असताना शरीराची स्वतःची वेदनाशामक यंत्रणा अधिक सज्ज असते. पाळीच्या सुरुवातीला, इस्ट्रोजेन तळाला असताना, ती तुलनेने मंद असते. गोळी रक्तात तेवढीच पोचते, पण सोबतीला शरीराची स्वतःची मदत कमी पडते, असा याचा एक अन्वयार्थ.

ही बाजू आकर्षक आहे, पण तिच्यातही खाचखळगे आहेत. १९९८ मध्ये वॉकर आणि कार्मोडी यांनी निरोगी माणसांना विजेचे सौम्य झटके देऊन आयबुप्रोफेनचा परिणाम तपासला. पुरुषांना आराम पडला, स्त्रियांना पडला नाही. याची बरीच चर्चा झाली. दोनच वर्षांनी अ‍ॅव्हरबुख आणि कात्झपर यांनी दात काढलेल्या रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा असा फरक दिसला नाही. प्रयोगशाळेतली वेदना आणि खरी वेदना एकच नसते. वेदना मुळात चक्रानुसार बदलते का, यावरही असेच मतांतर आहे. १९९९ च्या एका एकत्रित विश्लेषणात पाळीनंतरच्या दिवसांत सहनशक्ती जास्त असल्याचे आढळले. २०१५ च्या इयाकोविडीस आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात निरोगी स्त्रियांमध्ये तसा स्पष्ट कल नसल्याचे म्हटले.

या विसंगतीचे मोठे कारण पद्धतीत आहे. अनेक अभ्यासांत चक्राचा टप्पा फक्त दिवस मोजून ठरवला गेला, रक्तातील संप्रेरके तपासली गेली नाहीत. चक्र सगळ्यांचे अठ्ठावीस दिवसांचे नसते आणि प्रत्येक महिन्यात बीज सुटतेच असेही नाही. दहा-बारा स्त्रियांवर, एकाच महिन्यात केलेल्या मोजमापावर निष्कर्ष उभे केले गेले. ही उणीव तिन्ही बाजूंना सारखीच लागू आहे.

पाळीतली कळ वेगळी का

सुरुवातीच्या तक्रारीचे उत्तर मात्र बऱ्याच अंशी हाती आहे आणि ते चक्रापेक्षा वेळेशी जोडलेले आहे. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांनी गर्भाशय जोराने आकुंचन पावते, त्याचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि कळ येते. मळमळ, उलटी, पातळ संडास हीसुद्धा त्यांचीच करणी. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

यातला कळीचा मुद्दा असा की आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड यांसारखी याच गटातली गोळी नवे प्रोस्टाग्लँडिन बनणे थांबवते, आधी बनलेले पुसून टाकत नाही. कळ असह्य झाल्यावर, त्यातही मळमळ चालू असताना घेतलेली गोळी उशिरा पोचते. पाळी सुरू होताच किंवा लागण्याची चिन्हे दिसताच, काहीतरी खाऊन घेतलेली तीच गोळी अधिक काम करते. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ८० चाचण्यांची माहिती एकत्र केली आहे. नुसत्या दिखाऊ गोळीने १८ टक्के स्त्रियांना चांगला आराम पडत असेल, तर या गटातील औषधांनी ४५ ते ५३ टक्क्यांना पडतो, असा त्याचा अंदाज. म्हणजे औषध नक्की उपयोगी आहे आणि जवळपास निम्म्या स्त्रियांना ते पुरत नाही, हेही तितकेच खरे. पुरत नसेल तर एंडोमेट्रिओसिससारखा आजार आहे का ते तपासायला हवे. गोळ्यांची संख्या वाढवणे हा त्यावर उपाय नाही.

मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि डायसायक्लोमिन यांची जोडगोळी, म्हणजे मेफ्टाल-स्पास, आपल्याकडे पाळीसाठी घरोघरी माहीत आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक अ‍ॅसिडबाबत सूचना काढली. अंगावर पुरळ, ताप, गाठींना सूज आणि आतल्या अवयवांना इजा असा ‘ड्रेस’ नावाचा विकार क्वचित होऊ शकतो, म्हणून लक्ष ठेवा, असे त्यात म्हटले होते. बंदी नव्हती. गोळी घेतल्यानंतरच्या दिवसांत किंवा आठवड्यांत ताप आणि पुरळ एकत्र आले तर ती बंद करून डॉक्टरांना दाखवावे, इतके लक्षात ठेवले तरी पुरे.

उलट्या दिशेचा प्रश्नही आहे. बीज सुटण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन लागतात. चक्राच्या मध्यावर सलग दहा दिवस डायक्लोफेनॅकसारखी औषधे घेतल्यास बीज सुटणे लांबू शकते, असे इराकमधील ३९ स्त्रियांवरच्या अभ्यासात २०१५ साली दिसले. अभ्यास लहान आहे, परिणाम औषध थांबवल्यावर ओसरतो. तरी मूल हवे असताना कंबरदुखीसाठी रोज गोळ्या घेणाऱ्या बाईला हे कोणीतरी सांगायला हवे.

पूर्व विदर्भाचा खास प्रश्न : सिकलसेल

या वादाला भंडाऱ्यात जे वजन आहे, ते सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात हा आजार फक्त आदिवासींपुरता मर्यादित नाही, अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांतही तो आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट.

तपासणी चालू आहे, पण ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेल आजार, निघालेल्या मुलीचे रोजचे जगणे वेदनेशी बांधलेले असते. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य दुखते. रुग्ण याला क्रायसिस म्हणतात. पाळीच्या सुमारास क्रायसिस येतो, असे वेगवेगळ्या देशांतील स्त्रियांनी सर्वेक्षणांत सांगितले आहे. मग पोटातली कळ पाळीची की क्रायसिसची, हे तिलाही ओळखता येत नाही आणि डॉक्टरांनाही लगेच नाही.

औषधांचा हिशेबही इथे बदलतो. सिकलसेलमध्ये मॉर्फिन शरीरातून नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडते, असे दरबारी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडले. या रुग्णांत मूत्रपिंड आणि यकृतातील रक्तप्रवाह वाढलेला असतो, हे त्यामागचे संभाव्य कारण. ‘हिला सुईची सवय लागली आहे’ असा शेरा ऐकणाऱ्या मुलींच्या बाजूने हा पुरावा उभा राहतो. दुसरीकडे डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांचा मूत्रपिंडावर ताण येतो आणि सिकलसेलमध्ये मूत्रपिंड आधीच नाजूक असते. महिन्यातून एकदा पाळीसाठी आणि पुन्हा क्रायसिससाठी तीच गोळी घेतली गेली, तर वर्षाचा हिशेब कोणी ठेवायचा?

आणखी एक मार्ग संप्रेरकांनाच हाताशी धरतो. १९८२ मध्ये जमैकातील एका छोट्या चाचणीत डीएमपीए, म्हणजे तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे प्रोजेस्टिनचे इंजेक्शन, दिल्यावर सिकलसेल रुग्णांचे क्रायसिस कमी झाले. हेच इंजेक्शन २०१७ पासून आपल्या सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ नावाने मोफत मिळते. पाळी थांबल्याने फायदा होतो की लाल पेशींवर काही थेट परिणाम होतो, हे ठरलेले नाही. चाचण्या जुन्या आणि लहान आहेत. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२४ च्या निकषांत रक्ताच्या गुठळ्यांच्या शंकेमुळे सिकलसेलमध्ये डीएमपीएबाबत अधिक सावधगिरी सुचवली. माला-एनसारख्या संयुक्त गोळ्या तर सिकलसेलमध्ये टाळाव्यात, असाच कल आहे. म्हणून सिकलसेल असलेल्या बाईने ‘अंतरा’ घ्यायचे की नाही, हे तिचा आजार माहीत असलेल्या डॉक्टरांनीच ठरवावे.

वजन आणि रक्त

चक्राच्या चर्चेत एक साधी गोष्ट मागे पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि २०.८ टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने कमी आहे. पॅरासिटामॉलचा डोस किलोमागे एका वेळी १५ मिलिग्रॅम धरला, तर चाळीस किलो वजनाच्या बाईला ६०० मिलिग्रॅम होतात. मेडिकलमधून मिळणारी गोळी बहुधा ६५० ची असते. एक घेतली तर फारसे बिघडत नाही. पण ‘फरक पडला नाही’ म्हणून एकदम दोन घेतल्या की तेराशे होतात, म्हणजे तिच्या वजनाला शोभणाऱ्या डोसच्या दुपटीहून जास्त. चक्रामुळे पडणारा फरक पाच-दहा टक्के की वीस, यावर तज्ज्ञ वाद घालतात. वजन न पाहता घेतलेल्या डोसचा हा फरक शंभर टक्क्यांहून जास्त आहे आणि त्याबद्दल कोणताच वाद नाही. माझ्या मते गावपातळीवर पहिला सल्ला यावरच द्यायला हवा.

काय ठरायचे आहे

नैसर्गिक चक्रामुळे वेदनाशामके शरीरातून बाहेर पडण्यात उपचार बदलावा इतका फरक पडतो, असे आजचा पुरावा म्हणत नाही. बाहेरून घेतलेली संप्रेरके आणि गरोदरपण यांनी मात्र मोजण्याजोगा फरक पडतो. मज्जासंस्थेच्या प्रतिसादाचा मुद्दा खुला आहे. पेंटाझोसिनसारखे औषध पाळीच्या दिवसांत आणि इतर दिवसांत सारखेच लागू पडते का, रक्तक्षय आणि कमी वजन असलेल्या शरीरात हे सगळे हिशेब कसे बदलतात, सिकलसेलमध्ये पाळी थांबवणे कोणासाठी फायद्याचे आणि कोणासाठी धोक्याचे, हे प्रश्न बाकी आहेत. युरोप-अमेरिकेतल्या निरोगी विद्यार्थिनींवर केलेल्या मोजमापांतून त्यांची उत्तरे मिळणार नाहीत. ती मिळाली तर नागपूर, सेवाग्राम, गडचिरोली आणि भंडारा इथूनच मिळतील.

त्याची सुरुवात फार खर्चाची नाही. शेवटच्या पाळीची तारीख स्त्रीरोग विभागात विचारली जाते. दुखण्यासाठी दाखल होणाऱ्या प्रत्येक बाईच्या केसपेपरवरही ती लिहावी. सोबत वजन, गर्भनिरोधकाचे नाव आणि दिलेल्या वेदनाशामकाची मात्रा असावी. जिल्हा रुग्णालयापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत, विशेषतः सिकलसेल रुग्णांच्या बाबतीत, एवढ्या चार नोंदी नेमाने व्हाव्यात, अशी विनंती आहे. आणि पाळीच्या दुखण्यासाठी दर महिन्याला गोळ्या घेणाऱ्या वाचक भगिनींनी आपल्या पाळीच्या आणि गोळ्यांच्या तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात व पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.